सह्याद्रीतील जंगल मुक्कामाची पूर्वतयारी

सह्याद्रीतील जंगल मुक्कामाची पूर्वतयारी म्हणजे पश्चिम घाटाच्या महाराष्ट्रातील भागात, वस्ती आणि रस्त्यापासून दूर, एक किंवा अधिक रात्री स्वतःच्या साधनांवर राहण्यापूर्वी केली जाणारी आखणी, परवानग्या, सराव आणि सामानाची बांधाबांध होय. किल्ल्यावरील एक दिवसाच्या भटकंतीपेक्षा अशा मुक्कामाचे स्वरूप वेगळे असते. पाणी, निवारा, अन्न आणि प्रथमोपचार यांची सोय वाटेत मिळेल असे गृहीत धरता येत नाही. मदत पोहोचण्यासही कित्येक तास लागू शकतात.

सामानाची यादी करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवणे हा या पूर्वतयारीचा गाभा आहे: पाणी कोठे मिळेल, अंधार पडण्यापूर्वी कोठपर्यंत पोहोचता येईल, अडचण आल्यास कोणत्या वाटेने लवकर खाली उतरता येईल, आणि ठरलेल्या वेळी परत न आल्यास ते कोणाला कळेल. या उत्तरांवरून सामान ठरते.

## तीनचा ठोकताळा

जंगलातील निर्वाहाच्या प्रशिक्षणात गरजांचा क्रम लक्षात राहावा म्हणून जगभर एक ठोकताळा सांगितला जातो. माणूस हवेविना सुमारे तीन मिनिटे, प्रतिकूल हवामानात निवाऱ्याविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस आणि अन्नाविना तीन आठवडे तग धरतो, असे त्याचे स्वरूप आहे. हे आकडे नेमके नाहीत. कोणत्या गरजेला प्राधान्य द्यावे एवढेच त्यातून समजते.

सह्याद्रीत हा ठोकताळा ऋतूनुसार बदलून वापरावा लागतो. एप्रिल–मे महिन्यांत उघड्या कड्यावर चढताना घामावाटे इतके पाणी जाते की, ‘तीन दिवस’ हा हिशेब लागू पडत नाही. काही तासांतच उष्माघाताचा धोका निर्माण होतो. उलट जुलैच्या पावसात पाणी सर्वत्र असते, परंतु भिजलेले शरीर आणि वारा यांमुळे निवारा ही पहिली गरज ठरते. अन्नाचा क्रम दोन्ही ऋतूंत शेवटचा आहे. नवखे लोक मात्र बहुधा अन्नच सर्वांत जास्त घेतात.

## ऋतू आणि भूप्रदेश

सह्याद्रीचा महाराष्ट्रातील बहुतेक भाग बेसाल्ट खडकाच्या थरांनी बनलेला आहे. पश्चिमेस कोकणाकडे उभे कडे व नाळा आणि पूर्वेस देशाकडे लांब सोंडा व पठारे, अशी त्याची ठेवण आहे. कोकणातील पायथ्यापासून घाटमाथा गाठताना साधारण ६०० ते १,००० मीटर चढ असतो. कळसूबाई (१,६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे.

* '''जून ते सप्टेंबर :''' नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ. महाबळेश्वर व आंबोली येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओढे अल्पावधीत दुथडी भरतात, खडकावर शेवाळ धरते आणि धुक्यामुळे पठारावरील वाट दिसेनाशी होते. या काळात ओढा ओलांडावा लागणारा मार्ग टाळणे इष्ट असते.
* '''ऑक्टोबर ते जानेवारी :''' मुक्कामासाठी सर्वांत अनुकूल काळ. झरे वाहते असतात, आकाश निरभ्र असते. मात्र घाटमाथ्यावर रात्रीचे तापमान बरेच खाली येते. उंचीनुसार दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने घटते. डिसेंबरमध्ये सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोल दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते.
* '''फेब्रुवारी ते मे :''' बहुतेक ओढे आटतात, गवत वाळते आणि वणव्याचा धोका असतो. एप्रिल–मे महिन्यांत दुपारनंतर विजांसह वळवाचा पाऊस येतो; अशा वेळी डोंगरधार, एकटे झाड आणि उघडे पठार सोडून खाली उतरावे लागते.

मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणी येथे पश्चिम घाटातच लागलेल्या वणव्यात डोंगरावर गेलेले २० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. वाळलेल्या गवताच्या उतारावर आग वरच्या दिशेने वेगाने पसरते. त्यामुळे उन्हाळ्यात मार्ग आखताना वणव्यातून बाहेर पडण्याची वाटही आधीच पाहून ठेवावी लागते.

## परवानगी आणि कायदे

सह्याद्रीतील दाट जंगलाचा मोठा भाग संरक्षित आहे. भीमाशंकर, कळसूबाई–हरिश्चंद्रगड, कोयना आणि राधानगरी ही अभयारण्ये तसेच चांदोली राष्ट्रीय उद्यान ही त्यांतील प्रमुख नावे होत. कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ नुसार पर्यटनासाठी परवाना दिला जातो. कलम ३० धोकादायक रीतीने आग पेटवण्यास, तर कलम ३१ लेखी परवानगीशिवाय शस्त्रासह प्रवेश करण्यास मनाई करते. राखीव वनांत आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसारही गुन्हा आहे. अनेक ठिकाणी दिवसा प्रवेश मिळतो, मात्र रात्रीच्या मुक्कामाला बंदी असते. कोयना अभयारण्यातील वासोटा किल्ला हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तेथे बामणोलीहून परवानगी घेऊन शिवसागर जलाशयातून नावेने जावे लागते आणि त्याच दिवशी परतावे लागते. त्यामुळे मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे चौकशी करणे ही पूर्वतयारीची पहिली पायरी ठरते.

दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी साधने बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे. परदेशी पुस्तकांतील सामानाच्या याद्यांत ही साधने सर्रास आढळत असली, तरी येथे ती सोबत घेता येत नाहीत.

## मार्गाची आखणी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे मार्गआखणीसाठी उपयुक्त असतात. त्यांवर दोन सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील एक किलोमीटर होय. समोच्च रेषा जेथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तेथे कडा असतो, तर विरळ रेषा पठार किंवा सौम्य उतार दर्शवतात. मोबाइलमधील स्थाननिश्चितीला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घेतल्यास तो जंगलातही चालतो. तथापि बॅटरी संपण्याची शक्यता लक्षात घेऊन कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवले जाते.

लागणाऱ्या वेळेचा अंदाज घेण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सुचवलेला नियम प्रचलित आहे. सुमारे ५ किलोमीटर अंतरासाठी एक तास आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास, असे त्याचे सूत्र आहे. यानुसार १० किलोमीटर अंतर व ९०० मीटर चढ यांसाठी साडेतीन तास होतात. परंतु हा नियम मोकळ्या वाटेसाठी व हलक्या ओझ्यासाठी आहे. घसारा, कारवीची झाडी, ऊन आणि पाठीवरील ओझे धरता सह्याद्रीत याच मार्गाला पाच तासांहून अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. अंधाराच्या किमान दोन तास आधी मुक्कामाची जागा गाठता येईल, अशा बेताने निघण्याची वेळ ठरवली जाते.

जंगलात मुख्य वाटेला अनेक ढोरवाटा फुटतात आणि त्या बहुधा पाणवठ्यावर किंवा चराईच्या जागी जाऊन संपतात. स्थानिक वाटाड्या घेण्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आदी समाजांतील जाणत्या व्यक्तींना कोणते टाके कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोणती नाळ दरड कोसळून बंद झाली आहे, आग्या मोहोळ कोठे आहे याची ताजी माहिती असते. अशी माहिती नकाशावर सापडत नाही.

### मागे ठेवायची चिठ्ठी

निघण्यापूर्वी घरी आणि पायथ्याच्या गावात लेखी माहिती ठेवली जाते. तीत सहभागींची नावे व संपर्क, जाण्यायेण्याचा मार्ग, मुक्कामाची जागा, पर्यायी उतरण्याची वाट, परतण्याची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करावा’ अशी अंतिम वेळ नमूद असते. मार्ग ऐनवेळी बदलल्यास निरुपयोगी ठरणारी हीच गोष्ट असल्याने, ठरलेला मार्ग न बदलणे हा या चिठ्ठीचाच भाग मानला जातो.

## पाणी

बेसाल्टच्या थरांत पाणी फार काळ साठून राहत नसल्याने सह्याद्रीतील बरेच ओढे जानेवारी–फेब्रुवारीनंतर कोरडे पडतात. किल्ल्यांवरील खडकात खोदलेली टाकी हा वर्षभराचा आधार असतो, परंतु सर्वच टाक्यांतील पाणी पिण्याजोगे नसते. त्यामुळे ‘पाणी आहे’ ही माहिती महिन्यासह विचारावी लागते.

चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण ३ ते ५ लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने पाण्याचा प्रश्न हा ओझ्याचाही प्रश्न आहे. उदाहरणार्थ, चार जणांना कोरड्या पठारावर मुक्काम करावयाचा असल्यास दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिणे व स्वयंपाक मिळून माणशी सुमारे ५ लिटर, म्हणजे एकूण २० किलोग्रॅम पाणी वर न्यावे लागेल. याच कारणाने मुक्कामाची जागा दृश्याच्या सौंदर्यापेक्षा पाण्याच्या जवळिकीवरून निवडली जाते.

उघड्यावरील पाणी आधी दुहेरी कापडातून गाळून घेतात. त्यानंतर खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळणे हा निर्जंतुकीकरणाचा खात्रीचा मार्ग आहे. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्यास वेष्टनावरील प्रमाण पाळून साधारण अर्धा तास थांबावे लागते. गढूळ पाण्यात त्यांचा प्रभाव कमी पडतो. घामावाटे क्षारही जात असल्याने जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून पर्यायी द्रावण करता येते.

## अन्न

दर दिवशी माणशी ६०० ते ८०० ग्रॅम कोरडा शिधा पुरेसा होतो. तांदूळ–मुगाची डाळ, पोहे, सातूचे पीठ, भाजलेले शेंगदाणे, चणे, गूळ, खजूर, दशम्या आणि सुकी चटणी हे पदार्थ टिकाऊ, वजनास हलके व परिचित असल्याने सोयीचे ठरतात. एका वेळेचे न शिजवता खाता येणारे अन्न राखीव ठेवून ते मुक्काम संपेपर्यंत न उघडण्याचा प्रघात आहे.

रानातील फळे व कंद यांवर निर्वाहाची भिस्त ठेवणे धोक्याचे असते. करवंदे, जांभळे यांसारखी फळे ठरावीक हंगामातच मिळतात. कडू करांद्यासारखे काही कंद विशिष्ट प्रक्रिया केल्यावाचून खाण्यायोग्य होत नाहीत आणि विषारी अळंबी खाद्य अळंब्यांसारखीच दिसू शकते. शिवाय संरक्षित क्षेत्रात वनोपज गोळा करण्यावर निर्बंध असतात.

## निवारा, वस्त्रे आणि अग्नी

तंबू किंवा मेणकापड, जमिनीवर अंथरण्याची मॅट आणि ऋतूनुसार स्लीपिंग बॅग किंवा घोंगडी हा निवाऱ्याचा संच होय. झोपलेल्या माणसाच्या शरीरातील उष्णता थंड जमीन शोषून घेते. म्हणून पांघरुणाइतकीच अंथरुणाचीही गरज असते. कोरड्या ओढ्याचे पात्र, कड्याचा पायथा, वाळलेल्या फांद्यांखालची जागा आणि मधमाश्यांच्या पोळ्याचा परिसर मुक्कामासाठी टाळला जातो. अन्न तंबूत उघडे ठेवल्यास माकडे, रानडुकरे व उंदीर आकर्षित होतात.

पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार काटेरी झुडपे, गोचीड आणि खाजकुइलीच्या कुसांपासून संरक्षण देतात. सुती कपडे उन्हाळ्यात सुखावह असले तरी भिजल्यावर लवकर वाळत नाहीत. थंडीत व पावसात म्हणून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे वापरतात. झोपण्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड स्वतंत्र पिशवीत बांधून ठेवला जातो आणि दिवसा कितीही भिजले तरी तो वापरला जात नाही.

स्वयंपाकासाठी लहान गॅस शेगडी सुरक्षित असते. परवानगी असलेल्या जागीच, गवत साफ करून आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन चूल मांडतात. काडेपेटी व लायटर दोन वेगवेगळ्या जलरोधक पिशव्यांत ठेवतात. निघताना राख पाण्याने भिजवून ती हाताला थंड लागेपर्यंत थांबणे आवश्यक असते.

## आरोग्य आणि प्रथमोपचार

'''सर्पदंश :''' भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशामुळे सर्वाधिक मृत्यू होतात आणि उपलब्ध प्रतिसर्पविष याच चार विषांवर काम करते. पश्चिम घाटातील चापडा या सापाच्या विषावर ते परिणामकारक नाही. दंश झाल्यास रुग्णाला शांत ठेवून, अंगठ्या व कडी काढून, दंश झालेला अवयव हलणार नाही असा आधार देतात व प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर नेतात. दंशाजागी कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळून बांधणे अपायकारक आहे. असे रुग्णालय सर्वांत जवळ कोठे आहे याची नोंद निघण्यापूर्वीच केली जाते.

'''मधमाश्या :''' आग्या मोहोळ कड्यांवर व उंच झाडांवर असते. धूर, मोठा आवाज आणि उग्र अत्तरे यांनी माश्या चवताळतात. हल्ला झाल्यास चेहरा झाकून शक्य तितक्या दूर जाणे हाच उपाय असतो. मात्र कड्याच्या काठावर धावण्याचा धोका ध्यानात घ्यावा लागतो.

'''गोचीड व जळवा :''' सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग–सावंतवाडी भागात व गोव्यातील सत्तरी तालुक्यात गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. कोरड्या ऋतूत या भागातून आल्यावर अंग तपासणे आणि ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे असते. पावसाळ्यातील जळवा ओढून न काढता नखाने कडेने सोडवतात.

'''उष्माघात :''' घेरी, असंबद्ध बोलणे, तप्त अंग ही लक्षणे दिसताच चाल थांबवून रुग्णाला सावलीत नेतात, अंग भिजवून वारा घालतात व मदत मागवतात.

प्रथमोपचाराच्या पेटीत जंतुनाशक, पट्ट्या, निर्जंतुक कापूस, ताणपट्टी, कात्री, चिमटा, जलसंजीवनी, तापाची गोळी आणि प्रत्येकाची नेहमीची औषधे असतात. दमा, हृदयविकार, मधुमेह किंवा ॲलर्जी असल्यास त्याची माहिती निदान एका सहकाऱ्याला असावी.

## सामान आणि त्याचे वजन

एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १२ किलोग्रॅम होते. हिवाळ्यातील एका रात्रीच्या मुक्कामाचे उदाहरणादाखल वजन पुढीलप्रमाणे :

* सॅक – १.८ किलोग्रॅम
* स्लीपिंग बॅग – १.२ किलोग्रॅम
* मॅट – ०.४ किलोग्रॅम
* मेणकापड व दोरी – ०.७ किलोग्रॅम
* जादा कपडे व पावसाळी अंगरखा – १.५ किलोग्रॅम
* दोन दिवसांचा शिधा – १.४ किलोग्रॅम
* शेगडी व भांड्यांतील स्वतःचा वाटा – ०.६ किलोग्रॅम
* प्रथमोपचार – ०.४ किलोग्रॅम
* विजेरी, जादा सेल, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, चाकू, काडेपेटी – ०.५ किलोग्रॅम
* पाणी, ३ लिटर – ३ किलोग्रॅम

एकूण वजन ११.५ किलोग्रॅम होते, म्हणजेच मर्यादेत जेमतेम अर्धा किलोग्रॅम उरतो. जादा भांडी, दुसरी जाड चादर किंवा काचेची बरणी यांना त्यात जागा नसते. भांडी, शेगडी व निवारा हे सामान गटात वाटून घेता येते. विजेरी, शिट्टी, पाणी आणि राखीव अन्न मात्र प्रत्येकाकडे स्वतंत्र असावे लागते, कारण गटापासून तुटलेल्या व्यक्तीला त्यांचीच गरज पडते.

### भरण्याची पद्धत

सॅकच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावून सामान तिच्यात भरतात. तळाशी रात्रीच लागणारे अंथरूण, मध्यभागी पाठीलगत शिधा व पाणी यांसारखे जड सामान, बाहेरच्या बाजूस हलके कपडे आणि सर्वांत वर पावसाळी अंगरखा व प्रथमोपचार अशी रचना असते. जड वस्तू पाठीपासून दूर गेल्यास ओझे मागे ओढते आणि कड्यावरील अरुंद वाटेवर तोल जातो. सॅकच्या बाहेर लोंबणारी भांडी कारवीत अडकतात. शिट्टी खिशात किंवा गळ्यात ठेवतात. सॅक दरीत गेली तरी ती हाताशी राहते.

## सराव

भरलेली सॅक घेऊन निघण्यापूर्वी काही आठवडे जवळच्या टेकडीवर चढण्याचा सराव उपयुक्त असतो. नवे बूट मुक्कामापूर्वी पुरेसे वापरलेले असावेत. अंधारात मेणकापड बांधणे, शेगडी पेटवणे आणि केवळ होकायंत्राच्या आधारे चालणे या गोष्टी परिचित जागी करून पाहिल्या जातात. गटात अनुभवी व्यक्ती असणे आणि किमान तीन ते चार जण असणे अपेक्षित असते. एक जखमी झाल्यास एकाला त्याच्याजवळ थांबता येते व दोघांना मदतीसाठी जाता येते.

## वाट चुकल्यास

ग्रामीण महाराष्ट्रात, रानात पुन्हापुन्हा त्याच जागी परतण्याच्या अनुभवाला ‘चकवा लागणे’ म्हणतात. यान सोउमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जर्मनीतील जंगलात व ट्युनिशियातील सहारा वाळवंटात चालणारी माणसे सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना नकळत वर्तुळाकार फिरत असल्याचे आढळले. चकवा लागल्यासारखा अनुभव धुक्यात किंवा रात्री का येतो, यावर या निष्कर्षाने प्रकाश पडतो.

वाट हरवल्याचे लक्षात येताच थांबणे, गट एकत्र ठेवणे आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत माग काढत परतणे हा पहिला उपाय असतो. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरण्याचा मोह सह्याद्रीत घातक ठरू शकतो, कारण असे ओढे अनेकदा धबधब्याच्या कड्यावर जाऊन संपतात. अंधार पडल्यास तेथेच निवारा करून सकाळची वाट पाहणे श्रेयस्कर असते. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाशाचा इशारा देऊन एक मिनिट थांबणे आणि पुन्हा तसेच करणे हा गिर्यारोहणातील आंतरराष्ट्रीय संकटसंकेत आहे. त्याला उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी दिले जाते.

मोबाइलवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावता येतो. क्षीण नेटवर्कमध्ये बोलणे शक्य नसले तरी लघुसंदेश जाऊ शकतो. राज्यात डोंगरातील शोध व बचाव कार्यात पोलीस व वन विभागासोबत स्थानिक ग्रामस्थ आणि गिर्यारोहण संस्थांची स्वयंसेवी पथके सहभागी होतात. शोध कोठून सुरू करायचा हे मागे ठेवलेल्या चिठ्ठीवरून त्यांना ठरवता येते.

## पर्यावरणीय जबाबदारी

पश्चिम घाटाचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही ठिकाणे त्यात आहेत. मुक्कामातील सर्व कचरा परत आणणे, पिण्याच्या टाक्यात न उतरणे, साबणाचा वापर पाणवठ्यापासून दूर करणे आणि ओले लाकूड न तोडणे हे संकेत पाळले जातात. उन्हाळ्यात एकाच टाक्यावर वन्यप्राणी, गुरे आणि पायथ्याचे गावकरी अवलंबून असतात. म्हणून पाण्याजवळ, परंतु पाणवठ्यावर नव्हे, अशा अंतरावर मुक्काम केला जातो.

## हे सुद्धा पहा

* सह्याद्री
* दुर्गभ्रमण
* गिर्यारोहण
* सर्पदंश
* सह्याद्री व्याघ्र प्रकल्प